जुनी गाडी ‘टोटल लॉस’मध्ये काढली? सही करण्याआधी हिशेब तपासा

आठ-नऊ वर्षं वापरलेली गाडी समोरून धडकली, बॉनेट-रेडिएटर-बंपर गेले, तुम्ही ती शोरूमला लावली आणि क्लेम टाकला. काही दिवसांनी विमा कंपनीने नुकसान मोजायला नेमलेल्या सर्व्हेयरचा फोन येतो : “गाडी टोटल लॉसमध्ये जातेय. आयडीव्हीतून सॅल्व्हेज वजा करून पैसे मिळतील. संमतीचा मेल पाठवा.” (सॅल्व्हेज म्हणजे मोडक्या गाडीची भंगारातली किंमत.) गाडी तर तुम्हाला चालण्यासारखी दिसत असते. इंजिन शाबूत, चारही दरवाजे नीट लागतात. पण ‘टोटल लॉस’ हे शब्द इतके अंतिम वाटतात, की बहुतेक लोक त्याच संध्याकाळी मेल पाठवून मोकळे होतात.

टोटल लॉस म्हणजे एक भागाकार. वर दुरुस्तीचा खर्च, खाली गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमत. उत्तर ७५ टक्क्यांच्या वर गेलं, की गाडी टोटल. हा भागाकार कोणीतरी माणसाने केलेला असतो. वरच्या आकड्यात काय धरलं आणि काय सोडलं, यावर जुन्या गाडीचं नशीब ठरतं. आकडा मागवायचा, तपासायचा आणि चुकला असेल तर लेखी दाखवून द्यायचा, एवढंच हे काम आहे. वकील शेवटपर्यंत न लागण्याचीच शक्यता जास्त.

आधी : फोनवर ‘हो’ म्हणू नका, पण गप्पही राहू नका

फोनवर काहीही ठरवू नका. “मेल करा, बघून कळवतो” एवढंच सांगा. मग त्याच दिवशी स्वतः मेल करा. कंपनीच्या क्लेम विभागाला पाठवा आणि सर्व्हेयरला कॉपी ठेवा. मजकूर साधा असू द्या :

“माझ्या क्लेम क्रमांक अमुकमध्ये गाडी टोटल लॉस धरण्याचा प्रस्ताव फोनवर कळला. या प्रस्तावाला मी अद्याप संमती दिलेली नाही. कृपया सर्व्हे रिपोर्टची प्रत, दुरुस्तीच्या खर्चाचं भागनिहाय असेसमेंट, ७५ टक्क्यांचा हिशेब आणि सॅल्व्हेजसाठी आलेल्या सर्व बोली पाठवाव्यात. निर्णय होईपर्यंत गाडी कोणालाही देऊ नये.”

शेवटचं वाक्य फालतू वाटेल, पण ते असू द्या. सॅल्व्हेज घेणारे लोक कधी कधी कंपनीच्या आधी तुम्हालाच फोन करतात आणि गाडी उचलायची घाई करतात.

घाई तुम्हालाही आहे, ती वेगळ्या कारणाने. गाडी दुरुस्तीला घेतली नाही तर बरीच शोरूम्स दिवसाचं पार्किंग लावतात आणि इस्टिमेट काढल्याची फी वेगळी घेतात. पहिल्याच आठवड्यात शोरूमला लेखी विचारा : पार्किंग कधीपासून, किती, आणि गाडी दुसरीकडे हलवायची झाली तर एकूण किती भरावं लागेल? गाडी हलवण्याआधी सर्व्हेयरला कळवा. नाहीतर वाटेत काहीतरी बदललं, असा आक्षेप पुढे तुमच्यावरच येतो.

आणि फोटो काढा. चारही बाजू, तुटलेला प्रत्येक भाग, चासी नंबर, ओडोमीटर, आतली सीटं. न तुटलेल्या भागांचे फोटो विशेष काढा. पुढे रिपोर्टमध्ये मागचा बंपर ‘बदलणे’ म्हणून आला, तर तुमच्याकडे उत्तर असेल.

पॉलिसीतली तीन वाक्यं

पॉलिसी म्हटलं की आपल्याकडे दोन पानांचं शेड्यूल असतं. अटींची पुस्तिका वेगळी असते. ती कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या इंडियन मोटर टॅरिफमधला (गाड्यांच्या विम्याच्या नियमावलीतला) मजकूर आजही खासगी कारच्या पॉलिसीत जवळजवळ जसाच्या तसा असतो. त्यातली तीन वाक्यं तुमच्या कामाची आहेत.

पहिलं : गाडी बाहेर काढण्याचा आणि दुरुस्तीचा एकत्रित खर्च, *पॉलिसीच्या अटी व शर्तींच्या अधीन राहून*, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ धरली जाईल. तिरप्या अक्षरातले शब्द पुढच्या सगळ्या वादाचं मूळ आहेत. (गाडी ताम्हिणीत किंवा वरंध्यात दरीत गेली असेल, तर क्रेनचा खर्चही या बेरजेत येतो, हे लक्षात असू द्या.)

दुसरं : टोटल लॉसच्या क्लेमसाठी आयडीव्ही हीच पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत गाडीची बाजारभावाची किंमत समजली जाईल, तिच्यावर आणखी घसारा (जुनेपणामुळे किमतीत होणारी कपात) लागणार नाही. म्हणजे “तुमची गाडी जुनी, तिची खरी किंमत एवढी नाही” असं कंपनीला अपघातानंतर म्हणता येत नाही. प्रीमियम घेताना ती किंमत तिने मान्य केलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये, (२००८) ८ एससीसी २७९ (एससीसी म्हणजे न्यायालयाच्या निकालांचा संग्रह) या निकालात, ठरलेली किंमत मनमानीपणे खाली आणणाऱ्या विमा कंपनीच्या विरोधात कौल दिला आहे.

तिसरं : टोटल लॉसमध्ये कंपनीची कमाल जबाबदारी म्हणजे आयडीव्ही वजा भंगार झालेल्या गाडीची किंमत. दुरुस्तीत मात्र जबाबदारी म्हणजे प्रत्यक्ष आणि वाजवी खर्च, ठरलेल्या दराने घसारा वजा करून.

आता तो भागाकार स्वतः करा

झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं जादा संरक्षण, बहुतेक कंपन्या गाडी पाचेक वर्षांची होईपर्यंतच देतात. त्यामुळे जुन्या गाडीच्या प्रत्येक सुट्या भागावर घसारा कापला जातो. रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के. फायबर ग्लासवर ३० टक्के. काचेवर काही नाही. धातूच्या आणि इतर भागांवर गाडीच्या वयानुसार : ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० टक्के, १० वर्षांपुढे ५० टक्के. मजुरीवर घसारा नाही. रंगकामाचं एकत्रित बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग साहित्याचा धरून त्याच्या निम्मा कापतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये आणि त्यापुढच्या कारला २,००० रुपये सक्तीची वजावट.

उदाहरण घेऊ. गाडी ९ वर्षांची, १२०० सीसी, आयडीव्ही २,१०,००० रुपये. तिच्या ७५ टक्के म्हणजे १,५७,५०० रुपये. शोरूमचं इस्टिमेट जीएसटीसकट १,८२,००० रुपये. ते असं बनलं आहे : धातूचे भाग ७०,०००, प्लास्टिक-रबर ४८,०००, काच १२,०००, मजुरी ३४,०००, रंगकाम १८,०००.

सर्व्हेयरने १,८२,००० भागिले २,१०,००० केलं तर उत्तर जवळजवळ ८७ टक्के येतं. गाडी टोटल.

आता अटींनुसार करा. धातूच्या भागांचे ६० टक्के म्हणजे ४२,०००. प्लास्टिकचे निम्मे २४,०००. काच पूर्ण १२,०००. मजुरी पूर्ण ३४,०००. रंगकामातून २,२५० कापून १५,७५०. बेरीज १,२७,७५०. वजावट काढली की १,२६,७५०. हे आयडीव्हीच्या सुमारे ६० टक्के होतात. गाडी दुरुस्तीची.

एकच गाडी, एकच इस्टिमेट, दोन उत्तरं. ‘पॉलिसीच्या अटी व शर्तींच्या अधीन’ या शब्दांचा सरळ अर्थ असा, की कंपनीला प्रत्यक्षात द्यावा लागणारा खर्च मोजायचा. सगळं एकूण इस्टिमेट वर ठेवून भागाकार करणारे सर्व्हेयर भेटतात आणि काही कंपन्या तोच हिशेब धरून बसतात. जुन्या गाडीच्या मालकाने अडून राहायची जागा ही आहे. गाडी जितकी जुनी तितका घसारा जास्त, आणि तितकी या दोन आकड्यांतली दरी मोठी.

याच तर्काचा दुसरा उपयोग पाण्यात बुडालेल्या गाड्यांना होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी चढलं, तेव्हा घराखाली लावलेल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. अशा गाडीत इंजिन, ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक), वायरिंग, सीटं असं सगळंच एकदम इस्टिमेटमध्ये येतं आणि आकडा झपाट्याने वाढतो. त्यात एक खोच असते. पाण्यात गाडी चालू करण्याचा प्रयत्न केल्याने इंजिन बिघडलं असेल, तर इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षण नसलेल्या पॉलिसीत कंपनी इंजिनाचा खर्च ‘परिणामी नुकसान’ म्हणून नाकारते. नाकारू द्या. पण मग तोच खर्च ७५ टक्क्यांच्या बेरजेत धरता येत नाही. जे पैसे द्यायचेच नाहीत, ते गाडी टोटल करायला वापरायचे, हे चालू देऊ नका. जुना गंज, आधीचा डेंट, अपघाताशी संबंध नसलेली झीज म्हणून वगळलेल्या भागांनाही हाच नियम लावा : देण्यातून वगळलं तर बेरजेतूनही वगळा.

रिपोर्ट हातात आला की काय शोधायचं

सर्व्हे रिपोर्टची प्रत मागितल्यावर ती विमाधारकाला देणं कंपनीवर बंधनकारक आहे. “अंतर्गत कागद आहे” हे उत्तर चालत नाही. आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेयर नेमायचा, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याचा रिपोर्ट मिळवायचा आणि रिपोर्ट आल्यावर ७ दिवसांत क्लेमचा निर्णय द्यायचा असतो. या तारखा वहीत लिहून ठेवा. कंपनीने मुदत ओलांडली असेल, तर पुढच्या प्रत्येक पत्रात ते वाक्य कामी येतं.

रिपोर्ट वाचताना प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारा : हा भाग खरंच बदलायला हवा, की सरळ करता येतो? शोरूमची सवय बदलण्याची असते. दरवाजा चेपला, नवा दरवाजा. एप्रन (बॉनेटखालचा बाजूचा पत्रा) वाकला, नवा एप्रन. बाहेरचा चांगला डेंटिंगवाला त्यातला निम्मा पत्रा ठोकून जागेवर आणतो. मिस्त्रीचं कौतुक म्हणून हे सांगत नाही. नुकसानभरपाई ‘वाजवी खर्चा’ची असते, आणि दुरुस्त होणारा भाग बदलणं वाजवी ठरत नाही.

मग आणखी बघा : एकच काम दोन ठिकाणी मोजलंय का? उघडून न पाहता ‘शक्यता’ म्हणून गिअरबॉक्स किंवा सस्पेन्शन असेंब्ली धरली आहे का? धरली असेल तर गाडी उघडून पुन्हा सर्व्हे करा, अशी मागणी करा. उघडल्यावर आकडा वाढूही शकतो, ही जोखीम आहे. चासीचा मुख्य सांगाडा वाकला आहे असं निघालं, तर मी तरी ती गाडी परत रस्त्यावर आणायचा हट्ट धरणार नाही.

दुसरं इस्टिमेट

कागदावरची लढाई कागदानेच होते. कंपनीच्या नेटवर्कमधल्या दुसऱ्या गॅरेजचं, किंवा जीएसटी बिल देणाऱ्या एखाद्या मल्टिब्रँड वर्कशॉपचं इस्टिमेट घ्या. लेटरहेडवर, भागनिहाय, ‘बदलणे’ आणि ‘दुरुस्त करणे’ वेगळं लिहिलेलं, मजुरी वेगळी. ओळखीच्या गॅरेजवाल्याने कोऱ्या कागदावर “एक लाखात होऊन जाईल” असं लिहून दिलं, तर त्याला कोणी विचारत नाही. इस्टिमेट देणाऱ्याला सांगा : आकडा कमी दाखवू नकोस, खरा दाखव. कमी दाखवून गाडी वाचवली आणि पुढे बिल वाढलं, तर वरचे पैसे तुमच्या खिशातून जातात.

बंद झालेल्या मॉडेलच्या बाबतीत एक अडचण खरी आहे. क्वालिस, मारुती ८००, जुनी सँट्रो यांचे काही भाग वेळेवर मिळत नाहीत. ‘पार्ट उपलब्ध नाही’ हे कंपनीचं कारण असेल, तर कोणता पार्ट ते विचारा आणि तो मिळतो याचं कोटेशन जोडा. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात शोधलं तर काय मिळत नाही, पण तिथला जुना पार्ट बिलाशिवाय क्लेममध्ये बसत नाही.

थांबा : भांडून मिळणार काय?

इथे बहुतेकांचा जोश हिशेबाच्या पुढे धावतो. वरच्याच उदाहरणात तीन पर्याय मांडू. समजा सॅल्व्हेजची सर्वोच्च बोली ९५,००० रुपये आली आहे.

दुरुस्ती केली तर कंपनी १,२६,७५० देईल आणि तुम्ही ५५,२५० घालाल. गाडी तुमची, नव्या भागांची.

टोटल मान्य करून गाडी खरेदीदाराला दिली, तर कंपनीकडून २,१०,००० वजा ९५,००० वजा १,००० म्हणजे १,१४,००० आणि खरेदीदाराकडून ९५,०००. हातात २,०९,०००, गाडी गेली.

टोटल मान्य करून गाडी स्वतःकडे ठेवली (बाजारात याला ‘नेट ऑफ सॅल्व्हेज, विथ आरसी’ म्हणतात; आरसी म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र), तर १,१४,००० आणि समोर मोडकी गाडी.

पहिला आणि तिसरा पर्याय शेजारी ठेवा. दोन्हीत गाडी तुमचीच राहते, पण टोटलमध्ये तुम्हाला १२,७५० रुपये कमी मिळतात. कंपनीने टोटलचा आग्रह का धरला, हेही इथे दिसतं. सॅल्व्हेजची बोली जितकी जास्त, तितका कंपनीचा भार कमी. बोली ८२,२५० च्या खाली असती, तर उलट झालं असतं : टोटल घेऊन गाडी ठेवणं तुमच्या फायद्याचं ठरलं असतं, आणि “माझी गाडी टोटल करू नका” म्हणून तुम्ही स्वतःच्याच पैशांविरुद्ध भांडला असता. त्यामुळे दोन आकडे काढल्याशिवाय आक्षेपाचं पत्र पाठवू नका.

दुसऱ्या पर्यायाची तुलना बाजाराशी करा. तुमच्यासारखीच, त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली गाडी आज कितीला मिळते? २,०९,००० मध्ये तशी मिळत असेल, तर मोडकी गाडी सोडून द्या. त्यासाठी २,६०,००० मोजावे लागत असतील, वर आरटीओचा खर्च आणि अनोळखी गाडीची धास्ती, तर ५५,२५० घालून स्वतःची गाडी उभी करणं परवडतं. आणि “पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारच” या समजुतीत येऊ नका. दिल्ली परिसरातले वयाचे निर्बंध महाराष्ट्रात नाहीत. इथे फिटनेस तपासून नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण होतं.

टोटल मान्य, पण रक्कम नाही

हा वाद वेगळा आहे आणि त्याच्या जागा तीन.

आयडीव्ही कापली : वर सांगितलेलं दुसरं वाक्य उद्धृत करा, विषय संपतो. पण आयडीव्ही मुळातच कमी असेल, तर अपघातानंतर फारसं काही होत नाही. टॅरिफमधला घसाऱ्याचा तक्ता ५ वर्षांपर्यंतच आहे, ४ ते ५ वर्षांच्या गाडीला ५० टक्के. त्यापुढे किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. म्हणजे जुन्या गाडीच्या मालकाला घासाघीस करायचा हक्क आहे, आणि तो वर्षातून एकदाच वापरता येतो : नूतनीकरणाच्या दिवशी. ऑनलाइन पॉलिसी घेताना प्रीमियम थोडा उतरावा म्हणून आयडीव्ही तळाला ओढणारे लोक पाहिले की चिडचिड होते. जुन्या गाडीत वाचतात ते काहीशे रुपये. जातो तो या भागाकाराचा छेद. आयडीव्ही कमी, तर छोटासा अपघातही ७५ टक्क्यांच्या वर.

सॅल्व्हेजची किंमत फुगवली : बोली लिलावाच्या पोर्टलवर मागवलेल्या असतात. सर्वोच्च बोली कोणाची, किती, कोणत्या तारखेपर्यंत वैध, हे लेखी मागा. गाडी द्यायची असेल, तर मोठी बोली तुमचं नुकसान करत नाही, पण खरेदीदाराने ते पैसे खरंच दिले पाहिजेत. नेहमीचा अनुभव असा, की कंपनी स्वतःचा हिस्सा देते आणि खरेदीदार दारात येऊन “साहेब, गाडी पाहिली, एवढी जात नाही” म्हणत वीस-तीस हजार तोडायला बघतो. म्हणून संमतीच्या मेलमध्ये ही अट लिहा : “बोलीची पूर्ण रक्कम माझ्या खात्यात जमा झाल्यावरच गाडी देईन. खरेदीदार मागे हटला किंवा रक्कम कमी केली, तर फरक कंपनीने द्यावा.”

‘आरसी रद्द करून’ की ‘आरसीसकट’ : दोन्हींच्या बोली वेगळ्या येतात. आरसीसकट बोली जास्त असते, कारण कागद चालू असतो. तुम्हाला कोणत्या आधारावर हिशेब दिला आहे ते तपासा. आरसीसकटची बोली वजा करायची आणि वर आरसी रद्द करून आणायला सांगायचं, हे दोन्ही एकदम होऊ शकत नाही.

गाडीवर कर्ज असेल, तर पैसे आधी बँकेकडे जातील. बँकेचं थकबाकी पत्र आधीच काढून ठेवा.

आक्षेप लेखी, पायरीपायरीने

पहिली पायरी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. प्रत्येक कंपनीत असतो, पत्ता पॉलिसीवर असतो. पत्र एका पानाचं ठेवा. भावना, वडिलांची आठवण, गाडी किती जपली, हे सगळं बाजूला. चार परिच्छेद पुरतात : क्लेमचा तपशील, पॉलिसीतलं ७५ टक्क्यांचं वाक्य जसंच्या तसं, तुमचा तक्ता कंपनीच्या तक्त्याशेजारी, आणि मागणी. मागणी एकच आणि आकड्यात : “दुरुस्तीच्या आधारावर १,२६,७५० रुपये मंजूर करावेत.” सोबत फोटो, दुसरं इस्टिमेट, रिपोर्टची प्रत.

“सर्व्हेयरने लिहिलं, आता आमच्या हातात काही नाही” असं उत्तर आलं, तर सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल, (२००९) ७ एससीसी ७८७, सांगा. सर्व्हेयरचा अहवाल हा अंतिम शब्द नाही आणि योग्य कारण असेल तर त्यापासून दूर जाता येतं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मात्र कारण दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. ते कारण म्हणजे तुमचा तक्ता.

कंपनीने दोन आठवड्यांत निकाल लावला नाही किंवा नाकारला, तर आयआरडीएआयच्या ‘विमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. १५५२५५ या क्रमांकावर फोनही चालतो. आयआरडीएआय स्वतः रक्कम ठरवत नाही. पण तिथे नोंद झाली की कंपनीला ठरावीक मुदतीत उत्तर द्यावं लागतं, आणि फाइल खालच्या टेबलावरून वर सरकते.

खरी ताकद विमा लोकपालाची. कंपनीला लेखी तक्रार करून महिना झाला, किंवा त्याआधीच नकार आला, की तिथे जाता येतं. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे घेतात, म्हणजे जुन्या कारसाठी मर्यादेची चिंताच नाही. गाडी तुमच्या ऐवजी एखाद्या व्यवसायाच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर पात्रता आधी तपासा, कारण हे दार मुख्यतः व्यक्तींसाठी आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाण्याला कार्यालयं आहेत. गोव्याचं काम पुण्याकडे आहे. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. समाधान झालं नाही तर पुढे ग्राहक आयोग मोकळा राहतो. एकाच वेळी दोन्हीकडे मात्र जाऊ नका. आयोगात प्रकरण चालू असेल, तर लोकपाल तक्रार घेत नाही.

जिल्हा ग्राहक आयोग हा शेवटचा आणि संथ मार्ग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. आयोगाचं कार्यक्षेत्र आणि फी तुम्ही भरलेल्या रकमेवर, म्हणजे प्रीमियमवर, ठरते. त्यामुळे कारच्या वादात फी बहुधा शून्यच. वर्ष-दोन वर्षं जाऊ शकतात हे धरून चला, आणि तेवढा काळ गाडी कुठे उभी राहणार, याची सोय आधी करा. पावसात उभी राहिलेली गाडी आयोगाच्या निकालापर्यंत खरीच टोटल होते. बऱ्याचदा शहाणपण यात असतं, की स्वखर्चाने दुरुस्ती करून, प्रत्येक बिल आणि बदललेल्या भागांचे फोटो ठेवून, पैशांसाठी भांडावं. पण दुरुस्ती सुरू करण्याआधी कंपनीला लेखी कळवा आणि गाडी पुन्हा पाहायची असेल तर यायला सांगा.

पैसे घेताना

डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे क्लेमची रक्कम स्वीकारल्याच्या कागदावर, ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेलं असतं. वाद चालू असेल तर सहीखाली “रक्कम निषेधासह स्वीकारली, उर्वरित हक्क अबाधित” असं लिहा आणि तेच मेलनेही पाठवा. विमाधारकाच्या जास्त भरपाई मागण्याच्या हक्कावर गदा आणायला व्हाउचर वापरू नये, असं आयआरडीएआयने २०१५ मध्येच कंपन्यांना कळवलं आहे. वादग्रस्त नसलेली रक्कम घ्यायला हरकत नाही.

गाडी देताना मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या देऊ नका. खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख भरलेली असल्याशिवाय पेन उचलू नका, आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत व ताबा पावती घ्या. टोटल झालेल्या गाडीचे कागद आणि चासी नंबर चोरीच्या गाडीला लावण्याचे प्रकार होतात. पोलीस मात्र नोंदणीवर ज्याचं नाव आहे त्याच्या दारात येतात. गाडी पुन्हा रस्त्यावर येणारच नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या. फास्टॅग काचेवरून काढा आणि बँकेत बंद करा.

गाडी स्वतःकडे ठेवून दुरुस्त केली असेल, तर नवी पॉलिसी घेण्याआधी इन्स्पेक्शन होईल. दुरुस्तीची बिलं त्या वेळी दाखवा आणि आयडीव्ही तिथेच, त्या दिवशी, भांडून वर घ्या.